भाडेकरू मुदतीआधी घर सोडतो म्हणाला, तर घरमालकाने काय करावे

सप्टेंबरची 5 तारीख होती. पुण्यात वाकडच्या आमच्या फ्लॅटमधल्या भाडेकरू मुलाचा संध्याकाळी फोन आला. "काकू, एक अडचण झालीय. ऑफिसने बंगळुरूला बदली केली. 20 तारखेला निघावं लागेल." करार 1 जूनपासून अकरा महिन्यांचा, त्यात सहा महिन्यांचा लॉक-इन. म्हणजे 30 नोव्हेंबरपर्यंत त्याने घर सोडायचे नाही, असे दोघांनी सही करून ठरवलेले. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो फ्लॅटच्या हप्त्याचा. दुसरा आला तो माझ्याकडे असलेल्या 80,000 रुपयांच्या डिपॉझिटचा. बहुतेक घरमालकांच्या मनात हे दोन विचार याच क्रमाने येतात, आणि पुढची भांडणे दुसऱ्या विचारातून सुरू होतात: डिपॉझिट आपल्याकडे आहे, मग काळजी कसली, ठेवून घेऊ.

हा लेख महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या लिव्ह अँड लायसन्स करारांबद्दल आहे, कारण पुण्या-मुंबईत आपण जो अकरा महिन्यांचा करार करतो तो हाच. माझे म्हणणे एवढेच आहे, की भाडेकरू लवकर गेल्याने आपले नेमके किती नुकसान झाले ते आधी कागदावर मांडा, ते कमी कसे होईल यासाठी त्याच दिवसापासून धावपळ करा, आणि डिपॉझिटला हात त्यानंतर लावा. क्रम उलटा झाला की पैसेही अडकतात आणि घरही.

पहिला फोन: ऐका, आणि लेखी मागा

त्या पहिल्या फोनवर काहीही कबूल करू नका. "बरं, बघू", "जा बाबा, काही हरकत नाही" किंवा "डिपॉझिट विसर" यांतले कोणतेही वाक्य पुढे तुमच्या विरोधात उभे राहू शकते. चार गोष्टी विचारा: का जायचे आहे, नक्की कोणत्या तारखेला, तोवरचे भाडे कसे देणार, आणि जाईपर्यंत नवीन लोकांना घर दाखवू देणार का. मग शांतपणे सांगा, "हे सगळं मला मेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठव, मी करार वाचून दोन दिवसांत बोलते."

त्या दोन ओळी फार मोलाच्या असतात. घर सोडण्याची इच्छा त्याची आहे, तारीख त्याने दिली आहे, हे त्यातून दिसते. मी आलेला संदेश लगेच मेलवर पाठवून ठेवते, कारण फोन बदलला की संभाषण जाते. उत्तरही लेखीच द्या, पण छोटे: "तुमचा 5 सप्टेंबरचा संदेश मिळाला. करारानुसार लॉक-इन 30 नोव्हेंबरपर्यंत आहे. हिशोबाबद्दल आपण 7 तारखेला बोलू. तोपर्यंत कोणतीही अट मी सोडलेली नाही." शेवटचे वाक्य जरूर लिहा.

कारणाकडे नीट लक्ष द्या. बदली, नोकरी जाणे, घरातले आजारपण, लग्न, रूममेटशी भांडण ही भाडेकरूच्या बाजूची कारणे. पण पावसाळ्यात बेडरूमची भिंत ओली होते आणि तुम्हाला जुलैपासून तीनदा सांगून झाले आहे, असे तो म्हणत असेल, तर प्रकरण वेगळे आहे. कराराने तुमच्यावर टाकलेली दुरुस्ती तुम्ही केली नसेल तर लॉक-इनच्या जोरावर पैसे मागणे न्यायाचे नाही, आणि वाद कोर्टात गेला तर ते टिकणेही अवघड. अशा वेळी आधी गळती बंद करा. कितीतरी भाडेकरू तेवढ्यावर थांबतात.

करार काढून खरोखर वाचा

आपण करार एजंटकडून करून घेतो, अंगठा लावतो आणि फाइल कपाटात ठेवतो. आता ती काढा. इंडेक्स 2 (नोंदणीचा गोषवारा) नव्हे, पूर्ण करार. पुढच्या गोष्टी शोधा.

लॉक-इन आहे का, किती महिन्यांचा, आणि तो दोघांवर आहे की एकट्या भाडेकरूवर. लॉक-इन मोडला तर काय होईल हे लिहिले आहे का. अनेक करारांत नुसतेच "लॉक-इन कालावधी 6 महिने" असते, परिणाम काहीच लिहिलेला नसतो. नोटीस किती दिवसांची, आणि ती लॉक-इन संपल्यावर लागू होते की केव्हाही देता येते. डिपॉझिट कधी परत करायचे आणि त्यातून काय वजा करता येईल. रंगकाम, सफाई कोणाकडे.

करारात लॉक-इन नसेल आणि एक महिन्याची नोटीस असेल, तर नोटीस देऊन जाणारा भाडेकरू करार मोडतच नाही. तो करारातला हक्क वापरतो. घरमालकांचा सर्वात मोठा गैरसमज इथे असतो: अकरा महिन्यांचा करार म्हणजे अकरा महिन्यांचे भाडे आपले झाले, असे त्यांना वाटते. तसे नसते.

आता नोंदणीचे पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चे कलम 55 सांगते, की लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. नुसत्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ठेवलेल्या करारातला लॉक-इन म्हणूनच फार लुळा असतो. तुमचा करार असा असेल तर आवाज चढवू नका. सामंजस्याने मिटवा, आणि पुढचा करार नोंदवा.

कायदा नुकसानभरपाईबद्दल काय म्हणतो

समजा करारात स्पष्ट लिहिले आहे, की लॉक-इनमध्ये घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे द्यावे लागेल. मग ते सगळे आपोआप मिळते का?

भारतीय करार अधिनियम 1872 चे कलम 74 इथे लागू होते. करारात भरपाईची रक्कम लिहिलेली असली, तरी करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या प्रकरणात, मुळात नुकसानच झाले नसेल तर अशी रक्कम जप्त करता येत नाही, हे स्पष्ट केले. त्याआधीचे कलम 73 असेही सांगते, की नुकसान मोजताना ते कमी करण्याचे कोणते मार्ग हाताशी होते हे पाहिले पाहिजे.

घरभाड्याच्या भाषेत सांगायचे तर, भाडेकरू 20 सप्टेंबरला गेला आणि तुम्ही 1 ऑक्टोबरपासून दुसरा भाडेकरू ठेवलात, तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे भाडे दोघांकडून घेण्याला आधार उरत नाही. आणि घर मुद्दाम रिकामे ठेवून "दोन महिन्यांचे दे" म्हणालात, तर तुम्ही नुकसान कमी करायला काय केले, असा प्रश्न येणार. प्रत्येक प्रकरणातली वस्तुस्थिती वेगळी असते आणि न्यायालय त्याप्रमाणे पाहते, पण घरमालकाच्या हातात दोन पुरावे असले पाहिजेत: घर पुन्हा भाड्याने देण्याचा प्रयत्न केल्याचा, आणि तरीही झालेल्या तोट्याचा.

लगेच नवीन भाडेकरू शोधायला लागा

म्हणून सर्वात जास्त शक्ती इथे घाला. घर रिकामे झाल्यावर फोटो काढू, रंग देऊ, मग जाहिरात टाकू, असे करण्यात एक महिना सहज जातो. भाडेकरू राहत असतानाच, त्याला विचारून, सकाळच्या उजेडात फोटो काढा. आवरलेले, राहते घर रिकाम्या घरापेक्षा फोटोत चांगले दिसते. घर दाखवण्याच्या वेळा ठरवून घ्या. आमच्याकडे संध्याकाळी 7 ते 8 आणि रविवारी सकाळ असे ठरले होते. घरात बायको-मूल असताना एजंट कोणालाही घेऊन बेल वाजवणार नाही, एवढी हमी त्याला द्या, म्हणजे तो मनापासून मदत करतो. त्याला हेही सांगा, की नवीन माणूस जितक्या लवकर येईल तितके त्याचे पैसे वाचतील. माझ्या भाडेकरूने स्वतःच्या ऑफिसच्या ग्रुपवर जाहिरात टाकली. अखेर आलेले जोडपे तिथूनच मिळाले.

हंगाम ओळखा. पुण्यात जून-जुलैत कॉलेजे आणि नवीन नोकऱ्यांमुळे मागणी चांगली असते. पितृपक्षात बरीच मराठी कुटुंबे नव्या घरात पाऊल टाकत नाहीत. घर बघायला येतात, पसंत करतात आणि "घटस्थापनेनंतर येतो" म्हणतात. त्या पंधरवड्यात भाडे पाडून घाई करू नका. टोकन घ्या, तारीख पक्की करा. उलट दिवाळी तोंडावर आली असेल तर हजार-पाचशे कमी करून घर भरणे बरे, कारण 26,000 भाड्याचे घर पंधरा दिवस रिकामे राहिले की साडेबारा हजार जातात. पाचशे रुपयांसाठी ओढून धरले तर ते भरून यायला दोन वर्षे लागतात.

भाडेकरू म्हणेल, "माझा मित्र राहायला येतोय, त्यालाच द्या." चांगली गोष्ट आहे, पण जुन्याच करारावर मित्राला राहू देऊ नका. ताबा आधी जुन्याकडून तुमच्याकडे, मग नवीन नोंदणीकृत करार, नवी पोलीस नोंद, सोसायटीला नवी कागदपत्रे, नवे डिपॉझिट. दोन भाडेकरूंनी आपापसात डिपॉझिट फिरवले की पुढे भिंतीवरचे भोक कोणाचे यावर वाद होतो आणि उत्तर देणारा माणूस शहरातच नसतो.

बोलणी: तीन रस्ते

दोन दिवसांनी बसून बोला, शक्य असेल तर घरीच. मी त्या मुलापुढे तीन रस्ते ठेवले होते.

एक, लॉक-इन पाळायचा: तू गेलास तरी 30 नोव्हेंबरपर्यंत भाडे दे, किल्ली तुझ्याकडे ठेव. काही कंपन्या बदलीच्या वेळी हा खर्च देतात, म्हणून हे विचारायला संकोचू नका. दोन, एक ठरावीक रक्कम देऊन मोकळे व्हायचे, साधारण एका महिन्याचे भाडे. मग नवीन माणूस दुसऱ्या दिवशी येवो की दोन महिन्यांनी, हिशोब बंद. तीन, नवीन भाडेकरू येईपर्यंत किंवा 30 नोव्हेंबरपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंतचे भाडे, आणि घर पुन्हा भाड्याने देण्याच्या खर्चातला वाजवी वाटा.

मला तिसरा रस्ता सर्वात न्याय्य वाटतो. भाडेकरू दूर जाणार असेल आणि कोणालाच पुढचे धागे नको असतील तर दुसरा सोपा. ज्यावर एकमत होईल ते त्याच दिवशी लिहून दोघांनी मान्य करा. आम्ही तिसरा घेतला.

हिशोब कसा मांडायचा

भाडे 26,000, डिपॉझिट 80,000. सप्टेंबरचे पूर्ण भाडे त्याने दिले होते. नवीन जोडपे दसरा झाल्यावर, 16 ऑक्टोबरला राहायला आले, भाडे तेवढेच. म्हणजे प्रत्यक्ष बुडालेले दिवस 1 ते 15 ऑक्टोबर. 26,000 ला 31 ने भागून 15 ने गुणले: 12,581 रुपये.

मग दलाली. नव्या भाडेकरूसाठी मी एजंटला 13,000 दिले (ओळखीतून आलेले असले तरी कागदपत्रे, पडताळणी त्यानेच केली) आणि करार-नोंदणीला सगळे मिळून 3,000. हे सगळे 16,000 जाणाऱ्याकडून घ्यायचे का? इथे मी थोडी थांबले. लॉक-इन सहा महिन्यांचा होता. सहा महिन्यांनी तो काहीही न देता गेला असता आणि हाच खर्च मला तेव्हा आलाच असता. तो दोन महिने आधी आला, एवढेच. म्हणून खर्च सहा भागांत वाटला आणि न राहिलेल्या दोन महिन्यांचा वाटा घेतला: दलालीचे 4,333 आणि कराराचे 1,000. हा विचार त्याला समजावून सांगितला तेव्हा त्याने एक शब्दही काढला नाही. त्याआधी 16,000 चा आकडा ऐकून तो ताडकन उठला होता.

शेवटचे वीजबिल 1,840. करारात ठरलेली सफाई 2,500. एकूण 22,254 रुपये. परत द्यायचे 57,746.

लॉक-इन अक्षरशः लावला असता तर ऑक्टोबर-नोव्हेंबरचे 52,000 आणि वर हे खर्च, असे करून मी त्याच्या हातावर जेमतेम अठरा हजार टेकवले असते. त्याने घराची किल्ली दिली असती का, आणि नवीन लोकांना घर दाखवू दिले असते का, याची मला दाट शंका आहे.

एक व्यावहारिक अडचण राहते: 20 सप्टेंबरला तो निघाला तेव्हा नवीन भाडेकरू कधी येईल हे कोणालाच माहीत नव्हते. आणि भाडेकरूला नव्या शहरात डिपॉझिट भरायचे असते, ते आपण देणार त्यातूनच. सगळे अडवून ठेवले की तो किल्ली अडवतो. म्हणून त्या दिवशी 30,000 दिले, उरलेले 50,000 कशासाठी ठेवले ते लिहून दिले आणि अखेरची तारीख घातली. 18 ऑक्टोबरला 27,746 त्याच्या खात्यात टाकले, सोबत हिशोबाचा कागद आणि पावत्यांचे फोटो.

भाडे महिना 50,000 च्या वर असेल तर आणखी एक गोष्ट. अशा भाड्यावर भाडेकरूने 2 टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातून आधीच कापून सरकारकडे भरायचा आयकर, कापायचा असतो, आणि तो वर्षाच्या मध्येच घर सोडत असेल तर कपात शेवटच्या महिन्यात येते. हिशोबात ती धरा आणि प्रमाणपत्र मागा. गाव सुटल्यावर ते मिळवायला फार फोन करावे लागतात.

ताबा घेण्याचा दिवस

सामान टेम्पोत चढल्यावर, रिकाम्या घरात, दिवसाउजेडी पाहणी करा. संध्याकाळी दिव्याखाली भिंतीवरचे डाग दिसत नाहीत. दारापासून सुरुवात करून एक सलग व्हिडिओ काढा, बोलत बोलत: "हॉल, पंखा चालू, खिडकीची काच ठीक." नळ सगळे सोडून बघा, गीझर चालू करा, फ्लश दाबा, कपाटांची दारे उघडा.

वापराने होणारी झीज आणि नासधूस यांतला फरक मनात पक्का ठेवा. फिकट झालेला रंग, सोफ्यामागची घासलेली भिंत, सैल झालेली बिजागरी ही झीज, ती आपली. फुटलेले बेसिन, करपलेला ओटा, न विचारता ड्रिल करून टीव्हीसाठी पाडलेली आठ भोके हे नुकसान. चार महिने राहिलेल्या माणसाकडून पूर्ण घराच्या रंगाचे पैसे मागणारे घरमालक मी पाहिले आहेत. ते चूक आहे.

वीज मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या. पुण्यात महावितरण, मुंबईत भाग पाहून बेस्ट, अदानी किंवा टाटा; मागचे बिल भरले का ते ग्राहक क्रमांक टाकून तिथेच बघता येते. पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचाही फोटो आणि थकबाकी. मुख्य दाराच्या, लेटरबॉक्सच्या, पार्किंगच्या सगळ्या किल्ल्या मोजून घ्या. सोसायटीच्या ऑफिसात आधी पत्र द्या, नाहीतर टेम्पो गेटवर अडतो आणि सगळ्यांचा दिवस खराब होतो. गाडीचे स्टिकर आणि गेटच्या अ‍ॅपवरचे नाव त्याच दिवशी काढून घ्या.

मग ताबा पावती. वकिली भाषा लागत नाही. मी असे लिहिते:

"आमच्यातील दिनांक … रोजी नोंदविलेला, दस्त क्रमांक … चा लिव्ह अँड लायसन्स करार भाडेकरूच्या विनंतीवरून आज दिनांक … रोजी मुदतीपूर्वी संपुष्टात आला आहे. भाडेकरूने सदनिकेचा रिकामा व शांततापूर्ण ताबा आणि … किल्ल्या घरमालकास दिल्या. वीज मीटरचा आकडा … आहे. डिपॉझिट रु. … पैकी रु. … आज दिले, रु. … हे खालील कारणांसाठी राखून ठेवले असून दिनांक … पर्यंत हिशोबासह परत केले जातील. त्यानंतर दोन्ही पक्षांचे एकमेकांकडे कोणतेही येणे राहणार नाही."

दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, दोन प्रती. करारावर नवरा-बायको दोघांची नावे असतील तर दोघांच्या सह्या. ही पावती नसेल आणि कराराची मुदत कागदोपत्री चालूच असेल, तर उद्या तोच माणूस "मी अजून तिथेच राहतो" म्हणू शकतो. बरीच मुदत बाकी असेल, उदाहरणार्थ तीन वर्षांच्या करारातले पहिलेच वर्ष, तर करार रद्द केल्याचा लेख कोणत्या स्वरूपात करावा हे वकिलाला विचारून घ्या.

न सांगता निघून गेला तर

भाडे थांबते, फोन बंद लागतो, दाराला कुलूप. रात्रीच्या रात्री कुलूप तोडून सामान बाहेर काढण्याची इच्छा होते. ते करू नका. कराराची मुदत चालू असेपर्यंत तिथे राहण्याची परवानगी तुम्हीच दिलेली आहे. आतून "सोन्याची चेन गेली" असा आरोप झाला तर तुमच्याकडे उत्तर नसते. भाडे थकले म्हणून वीज-पाणी तोडणेही नको. अत्यावश्यक सेवा तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्येच मनाई आहे.

आधी करारातल्या मूळ गावच्या पत्त्यावर, ऑफिसच्या पत्त्यावर आणि मेलवर नोटीस पाठवा, पोचपावतीसह. पंधरा दिवसांची मुदत द्या. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. प्रतिसाद नसेल आणि आत सामान असेल, तर वकिलाच्या सल्ल्याने पुढे जा. आतून पाणी वाहते आहे, गॅसचा वास येतो आहे अशी निकड असेल, तर पोलिसांना कळवून, सोसायटीच्या दोन पदाधिकाऱ्यांसमोर, पूर्ण व्हिडिओ काढत दार उघडा, वस्तूंची यादी करून सह्या घ्या आणि सामान हलवू नका.

जातो म्हणून गेलाच नाही, असेही होते. नवीन माणसाकडून टोकन घेतलेले असते आणि जुना म्हणतो, बदली रद्द झाली. म्हणून जुन्याची लेखी तारीख हाती आल्याशिवाय टोकन घेऊ नका, आणि नव्याला "ताबा मिळाल्यावर" असेच लिहून द्या. कराराची मुदत संपूनही कोणी घर सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तो अर्ज नोंदणीकृत करारावर फार बळकट उभा राहतो.

तिघांतला एक गेला

हिंजवडी, खराडी, ऐरोली, पवई या भागांत ही रोजची गोष्ट आहे. तीन मुलगे किंवा तीन मुली मिळून घर घेतात, चौथ्या महिन्यात एकाला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. उरलेले दोघे म्हणतात, आमचा वाटा आम्ही देऊ, तिसऱ्याचे तुम्ही बघा. करारात "तिन्ही भाडेकरू संपूर्ण भाड्यास एकत्रित व स्वतंत्रपणे जबाबदार राहतील" असे वाक्य असेल तर प्रश्न तिथेच संपतो: भाडे पूर्ण यायला हवे, वाटणी त्यांची. नसेल तर त्यांना नवा साथीदार शोधायला तीन-चार आठवडे द्या. आला की नवीन करार करा. इथे बाकीचे दोघे घरातच राहतात, म्हणून डिपॉझिटमधला वाटा जाणाऱ्याला तुम्ही देऊ नका. येणाऱ्याने त्याला द्यावा आणि तिघांनी तसे लिहून तुमच्याकडे द्यावे. मुले लहान असतात, पहिल्या नोकरीत असतात. जरा समजुतीने घेतले तर ती घर नीट ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

डिपॉझिटपेक्षा येणे जास्त असेल तर

भाडे आधीच तीन महिने थकले आणि मग माणूस गेला, असे असेल तर डिपॉझिट पुरत नाही. आधी हिशोबासह मागणीपत्र, मग वकिलाची नोटीस. त्यानंतर थेट दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज करून लोकअदालतीत तडजोड होते का पाहा. तिथे झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. नाहीच जमले तर दिवाणी दावा. मुंबई आणि पुण्यात यासाठी लघुवाद न्यायालय आहे. थकलेल्या भाड्यासाठी मुदत तीन वर्षांची. रक्कम तीस-चाळीस हजारांची असेल तर वकिलाची फी आणि तारखा यांचा अंदाज घेऊनच पाऊल टाका. मी एकदा 18,000 सोडून दिले आणि त्या आठवड्यात घर पुन्हा दिले. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

मालक परदेशात असेल तर

अमेरिकेत, आखातात राहणाऱ्या कितीतरी मराठी लोकांचे फ्लॅट इथे भाड्याने आहेत आणि देखभाल वयस्कर आईवडिलांकडे असते. भाडेकरू लवकर निघाला की सत्तरीतल्या बाबांना टेम्पोपुढे उभे राहावे लागते. इथल्या विश्वासू माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून ठेवा, आणि त्यात नवीन करार करण्याबरोबरच ताबा घेणे, डिपॉझिट परत देणे, नोटीस देणे हे अधिकार स्पष्ट लिहा. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने कापायच्या टीडीएसचे नियम वेगळे आहेत. मध्येच करार संपताना सीएकडून ते तपासून घ्या.

पुढच्या करारात घालायची वाक्ये

या सगळ्यानंतर मी एजंटचा छापील मसुदा तसाच घेणे बंद केले. ऑनलाइन नोंदणीतही जास्तीच्या अटी घालता येतात. माझी अट अशी असते: "लॉक-इन कालावधी दोन्ही पक्षांवर 6 महिने बंधनकारक राहील. भाडेकरूने त्यापूर्वी जागा सोडल्यास, नवीन भाडेकरू येईपर्यंत किंवा लॉक-इन संपेपर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंतचे भाडे, तसेच दलाली व नोंदणी खर्चाचा लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणातील वाटा तो देईल. घरमालक नवीन भाडेकरू शोधण्याचा तत्परतेने प्रयत्न करील. नोटीस दिल्यापासून पूर्वसूचनेने जागा दाखवू देण्यास भाडेकरू बांधील राहील. डिपॉझिटचा लेखी हिशोब ताबा दिल्यापासून 30 दिवसांत दिला जाईल."

"दोन्ही पक्षांवर" हे शब्द काढू नका. आपणही सहा महिने त्याला बाहेर काढणार नाही, हे दिसले की भाडेकरू बाकीच्या अटी मान्य करतो. नोंदणीचा खर्च वाचवण्यात अर्थ नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या 0.25 टक्के, नोंदणी फी शहरात 1,000 आणि ग्रामीण भागात 500. आमच्या 26,000 भाड्याच्या करारावर मुद्रांक शुल्क साडेसातशेच्या आतच आले. उरलेले पैसे एजंट आणि पोर्टलचे.

नव्या जोडप्याबरोबर करार करताना मी ही अट त्यांना मोठ्याने वाचून दाखवली आणि मागच्या मुलाचा हिशोबाचा कागद, नाव झाकून, समोर ठेवला. त्या मुलीने तो पूर्ण वाचला, सहा भागांची वाटणी बोटांवर मोजून पाहिली, आणि मग अंगठा लावायला हात पुढे केला.